बोलायचं नाही म्हणजे नाही

बसस्थानकावरच्या अनाउन्सरबाईंचा आवाज असा होता की माइक बंद ठेवून बोलल्या तरी शेवटच्या फलाटावर पेंगणारी माणसं दचकून उठत. सव्वीस वर्षं काचेच्या त्या छोट्या खोलीत बसून त्या लोकांना सांगत आल्या होत्या, कोणती गाडी कुठून सुटणार, कोणती उशिरा येणार आणि का. एवढी वर्षं सांगितल्यावर माणसाला सगळ्यांना सगळं सांगायची सवय लागते. बाई नवऱ्याला सांगत, शेजाऱ्यांना सांगत आणि देवालाही सांगत.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब "कोणाला प्रार्थना करायची असेल तर" एवढं म्हणायचा अवकाश, बाई उभ्या. "हे प्रभू येशू, आमच्या गल्लीतले घड्याळवाले काका. उजवीकडून दुसरं घर, निळा दरवाजा. गुडघा फार दुखतोय. डावा, प्रभू, डावा. उजव्याचं ऑपरेशन मागच्या वर्षीच झालंय." मागच्या बाकावरची म्हातारी मंडळी अशा वेळी हळूच टेकून घेत आणि आमेनची चाहूल लागली की पुन्हा उभी राहत. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "बाई, तुम्ही प्रार्थना केलीत की पत्ता चुकायची भीती नाही." बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं आणि पुढच्या रविवारपासून मजलाही सांगायला सुरुवात केली.

त्यांचे यजमान कुलूपवाले. चौकात कुलपं दुरुस्त करायचं अडीच हातांचं दुकान होतं. दिवसभर हातात कानस आणि तोंड मिटलेलं. घरी एखादं वाक्य सुरू केलंच तर बाई ते पुरं करत, आणि बहुतेक वेळा बरोबर पुरं करत, त्यामुळे त्यांचीही काही तक्रार नव्हती.

आवाज बसायला लागला तेव्हा बाईंनी आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. मग मध खाल्ला. डॉक्टरचं नाव कोणी काढलं की त्या विषय बदलत. असे तीन महिने गेले. एका मंगळवारी सकाळी "फलाट क्रमांक सात" म्हणायला गेल्या आणि 'सात'मधला 'स' घशातच अडकला. बाहेर पडलं ते "आत". निम्म्या लोकांना वाटलं आठ, ते आठवर धावले. उरलेल्यांना वाटलं आत बोलावताहेत, ते बोचकी उचलून प्रतीक्षालयात शिरले. एक आख्खं बँडपथक ढोल आणि पिपाण्यांसकट भलत्याच गावाला गेलं. संध्याकाळी कंट्रोलर साहेब खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आता तरी दाखवून या. पाया पडतो."

घशाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी नळी घालून बराच वेळ पाहिलं.

"गाठ आहे. काढावी लागेल, आणि तपासायला पाठवावी लागेल."

"कसली गाठ?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ते तपासल्यावरच कळेल." मग त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आणि ऑपरेशननंतर पंधरा दिवस एक शब्दही बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. बोलायचं नाही म्हणजे नाही."

"पंधरा दिवस?" कुलूपवाले म्हणाले.

"हो."

"सलग?"

हा माणूस घाबरलाय की हरखलाय हे डॉक्टरीणबाईंना कळेना. बाईंना मात्र कळलं. टेबलाखाली नवऱ्याचा पाय थडथड उडत होता.

ऑपरेशनच्या सकाळी ढकलगाडीवर आडवं पडल्या पडल्या बाईंनी देवाला वेळापत्रक दिलं. नऊला आत, पावणेदहाला बाहेर. गाठ साधी निघावी. डॉक्टरीणबाईंचा हात स्थिर राहावा, त्यांनी न्याहारी केलेली असावी. भूल देणारे म्हणाले, "बाई, आता दहापासून उलटे आकडे म्हणा."

"थांबा हो, अजून आमेन व्हायचंय," बाई म्हणाल्या. पण औषध थांबलं नाही. 'आ' म्हणेपर्यंत त्या गाढ झोपल्या होत्या.

घरी आल्या तेव्हा कुलूपवाल्यांनी पाटी आणि खडू आणून ठेवले होते. पुढचं काही कळायच्या आत दारात कुलूपवाल्यांची थोरली बहीण बॅग घेऊन उभी होती. ताई शाळेच्या वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं लोकांना "शू" करण्यात गेल्यामुळे त्यांच्याजवळ बोलायचं पुष्कळ शिल्लक होतं, आणि भावजय मुकी झालीय म्हटल्यावर एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती.

"तू पडून राहा गं, सगळं मी बघते," असं म्हणून त्यांनी एप्रन बांधला आणि कांदा चिरता चिरता सुरुवात केली. "तुमचं लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा पडदे आणले होते. पिवळे. चांगले जाड. ते काही तू लावले नाहीस."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "लांडे होते." आणि पाटी नणंदेच्या नाकासमोर धरली.

"काय लिहिलंयस कोण जाणे. चष्मा कुठे ठेवलाय सापडतच नाही," ताई म्हणाल्या. चष्मा एप्रनच्या खिशात होता. काडी बाहेर डोकावत होती. बाईंनी खडूने काडीकडे बोट दाखवलं. ताईंनी काडी आत ढकलली आणि पडद्यांवरून चादरींवर गेल्या.

संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली. त्या घरात जेवणाआधीची प्रार्थना बाईंचीच असे. तिघं टेबलाभोवती बसली आणि दोघी कुलूपवाल्यांकडे बघायला लागल्या. ते उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले.

"प्रभू," ते म्हणाले, "नमस्कार."

मग एवढा वेळ गेला की ताईंनी एक डोळा उघडून बघितलं.

"तर... तुला माहीतच आहे. आमेन."

बाईंनी पाटी ओढली. खडू करकरला. "काय माहीत आहे? सांगायला नको?"

"त्याला माहीत नसेल तर कोणाला असणार?" कुलूपवाले म्हणाले आणि वाढून घेतलं.

बाईंना रात्रभर पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला प्रार्थना लिहून दिली, कागदाची दोन्ही बाजूंनी भरलेली. कुलूपवाले शब्दाला पक्के. जे लिहिलं ते वाचलं. "हे प्रभू, गाठ साधी निघू दे, रिपोर्ट गुरुवारपर्यंत येऊ दे. खाली दोनदा रेघ मारली आहे, प्रभू. ताईंना चष्मा सापडू दे. सावकाश वाचा, घाई करू नका, तुम्ही नेहमी घाई करता." इथे ते थांबले. "हे बहुतेक मला आहे," त्यांनी देवाला सांगितलं. ताई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. बाईही हसल्या, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत, आणि जखमेला ताण बसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून लिहून देणं बंद झालं.

दहाव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. कुलूपवाल्यांनी घेतला. "हो. बरं. हो." एवढंच बोलले. बाईंनी भुवया उंचावल्या.

"गाठ आणखी एका मोठ्या डॉक्टरला दाखवायची म्हणतात. चार दिवस जास्त लागतील." ते जरा उभे राहिले, मग कुठलंसं कुलूप द्यायचंय म्हणून दुकानात गेले. डोक्यावर टोपी ठेवायला विसरले.

दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ताई गॅसवर सूप ठेवून वाटाणे सोलत होत्या आणि लग्नातल्या कुठल्याशा फोटोत आपण अर्ध्याच का आलो ते सांगत होत्या. बाईंनी पाटी घेतली. आधी देवासाठी कामांची यादी लिहिली, नेहमीसारखी, ओळीने. तिसऱ्या ओळीपाशी खडू थांबला. दुसऱ्या डॉक्टरला का दाखवायचंय? साधी गाठ असती तर पहिल्याला कळली नसती? एरवी असलं काही मनात आलं की त्या बोलत सुटत, आणि बोलता बोलता ते मागे पडे. आता ते मागे पडायला जागाच नव्हती. ते समोर येऊन बसलं होतं. त्यांनी हाताने सगळं पुसलं, तीन शब्द लिहिले आणि पाटी नणंदेपुढे सरकवली.

मला भीती वाटते.

ताईंचा चष्मा खिशातच होता. पाटी त्यांनी हातभर लांब धरली आणि वाचली. हातातली शेंग खाली ठेवली.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "आल्यापासून वाटतेय. म्हणून तर पडद्यांचा विषय काढून बसले, वेडे. दुसरं काय बोलू?"

त्यांनी भावजयीचा हात धरला. दोघींच्या हाताला खडू आणि वाटाण्याची सालं चिकटली होती. कुलूपवाले टोपी न्यायला परत आले ते हे बघून दारातच थबकले. मग तेही येऊन बसले. त्यांनी पाटी वाचली. आज कोणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं तरी त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, हिला भीती वाटते. आम्हालाही वाटते." आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. आमेनसुद्धा नाही.

बाई वाट बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण वाटसुद्धा बघत नाही आहोत. डोक्यात नेहमी पुढचं वाक्य तयार असे, ते आज नव्हतं. देवाला सांगायचं काही उरलंच नव्हतं. जे होतं ते टेबलावर पडलं होतं, तीन शब्दांचं, आणि ते त्याने वाचलं होतं. त्यांना ऑपरेशनची सकाळ आठवली. प्रार्थना अर्धीच राहिली होती, आमेन घशातच राहिलं होतं, आणि तरी त्यांना कोणीतरी सांभाळून पलीकडे नेलं होतं. तेव्हा त्या एक शब्दही सांगत नव्हत्या. साध्या जाग्यासुद्धा नव्हत्या.

गाठ साधी निघेल अशी खात्री वाटली का? नाही. तसं काहीच वाटलं नाही. पण छातीत महिनोन्‌महिने आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. जे यायचं ते येईल, आणि आपण एकट्या नसू, एवढं त्यांना कळलं, पाठीवर ऊन पडल्याचं कळतं तसं. त्या नुसत्या बसून राहिल्या. येशूही बोलत नव्हता, त्याही बोलत नव्हत्या, आणि दोघांचं छान चाललं होतं.

"अगंबाई, सूप!" ताई किंचाळल्या. भांड्याचा तळ कोळसा झाला होता. जेवायला त्या दिवशी उकडलेली अंडी होती.

रिपोर्ट आला तो सोमवारी. तिघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटापालटा केला, आणि तेवढ्यात ताईंनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवलासुद्धा.

"गाठ साधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुन्हा येऊ शकते. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आणि माइकवरचं काम आता बंद. मोठ्याने बोलणं घशाला झेपणार नाही." मग त्या हसल्या. "हळूच काहीतरी बोलून बघा. काहीही."

कुलूपवाले पुढे वाकले. ताईही वाकल्या. पंधरा दिवसांच्या वर साठलेलं बोलणं होतं, आधी काय बाहेर पडतंय कोण जाणे.

"ताई," बाई म्हणाल्या. आवाज खोल, खरबरीत, अनोळखी होता. "आणखी थोडे दिवस राहा."

ताईंनी तोंड उघडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उलटा घातला.

काचेची खोली सुटली त्याचं बाईंना वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? कंट्रोलर साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं त्या दिवशी त्या दुपारी घरी येऊन मनसोक्त रडल्या. पण खिडकीवर माणसं समोर येतात, एकेकाचा चेहरा दिसतो. हळू बोलावं लागतं म्हणून लोक जवळ येऊन कान देतात. तेही त्यांना आवडायला लागलं. घरी मात्र वेगळीच पंचाईत झाली. संध्याकाळची प्रार्थना परत घ्यायला त्या गेल्या, तर कुलूपवाले म्हणाले, "राहू दे. आता मला जमतंय." आणि खरंच जमत होतं. दर आठवड्याला त्यात एक वाक्य वाढत होतं.

ताई थोडे दिवस म्हणता म्हणता सहा महिने राहिल्या. दोघी रोज भांडत. पहिल्या तपासणीची तारीख जवळ आली तेव्हा एका सकाळी भाजी निवडता निवडता ताईंनी विचारलं, "काय गं, भीती वाटते का अजून?"

"वाटते की."

"मग?"

बाईंनी जरा विचार केला. "पण जेवण जातं. झोप लागते. वाटायला लागली की गप्प बसते त्याच्याजवळ."

"तू? गप्प?"

"अहो, विचारा तुमच्या भावाला."

"त्याला काय विचारू? तो आता ऐकतो कुठे, बोलत असतो नुसता," ताई म्हणाल्या आणि पालेभाजीची दुसरी जुडी त्यांच्यापुढे सरकवली.