बरणीतला फेस

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. काळपट मातीची, एका कानाची. यॉर्कशायरच्या डोंगरातल्या कुंभाराने मला भट्टीतून काढले, टिचकी मारली आणि म्हणाला, "ही गळायची नाही." मला तेवढे कौतुक पुरले.

माझ्या पोटात चाळीस वर्षे बार्म राहिला. बार्म म्हणजे जवाची दारू आंबताना वर चढणारा फेस. तो पिठात घातल्यावाचून पाव फुगत नाही. आमच्याकडे एखादा खुळ्यासारखा वागला, की याच्या डोक्यात मेंदूच्या जागी फेसच भरलाय असे लोकांना वाटे. मग त्याला म्हणत 'बार्मी'. माझी मालकीण डोर्कस हिला तर सारे गावच तसे म्हणे. कारण ती थंडीत स्वतःची शाल मला गुंडाळी आणि माझ्याशी बोले.

"काकू, बरणी काय म्हणते?" शेजारची हॅना चिडवायची.

"तुझ्यापेक्षा शहाण्यासारखं बोलते, बये!"

पण दर शनिवारी पाव करायला त्याच हॅनासकट साऱ्या बाया भांडी घेऊन दारात उभ्या राहत. डोर्कस पळीपळीने बार्म वाटी. तळाशी थोडा मात्र ठेवायचाच, विरजणासारखा. त्याला उकडलेला बटाटा कुस्करून घातला, की तो पुन्हा वाढे.

एका हिवाळ्यात फीबी सून होऊन आली. फार टापटिपीची पोर! रविवारी डोर्कस प्रार्थनेला गेली, तेव्हा फीबीने माझ्या आतली पुटे पाहिली. सासूबाई खूश होतील म्हणून उकळते पाणी ओतले, वाळूने घासले आणि मला पालथे घातले. अरेरे! इतके रिकामे मला कधीच वाटले नव्हते.

डोर्कस आली, आत डोकावली आणि जमिनीवरच बसली. "मारलंस गं त्याला. माझ्या सासूने दिला होता."

"मला काय ठाऊक, सासूबाई! मी आपली घाण काढली."

डोर्कस जेवेना. नवा बार्म मिळायचा, पण जवाची दारू करणाऱ्याकडची वाट बर्फाने बंद झाली होती. फीबी दारोदार हिंडली. सगळीकडचा बार्म कालच पावात भाजून गेला होता. फक्त हॅनाची चूल धुरकटल्यामुळे तिचे बार्म घालून मळलेले पीठ भाजायचे राहिले होते. पोरांपुरतेच होते ते, तरी हॅनाने अर्धा गोळा तोडून दिला. "ने लवकर. म्हातारी खंगेल नाहीतर."

फीबीने तो कोमट जवाच्या पाण्यात कालवून माझ्यात ओतला, मला शालीत घेतले आणि चुलीपाशी बसली. "ऊठ रे बाबा," ती पुटपुटली. "माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी ऊठ."

दुपार सरत आली, आणि माझ्या तळाशी काहीतरी हलले. एक बुडबुडा! मग दुसरा, मग सूं असा बारीक आवाज. मित्रांनो, माझ्याच पोटात घडले, तरी ते कोण करते हे मला अजून कळलेले नाही. जुनी माणसे त्याला नुसते 'देवाची कृपा' म्हणत.

डोर्कस उठून आली. तिने माझ्या तोंडाशी कान लावला. मग रडणाऱ्या फीबीचे डोके जवळ ओढून तिलाही ऐकवले. "श्वास घेतोय बघ. उद्यापासून याला तूच जेवू घाल, पोरी."

आता बार्म पुडीतून मिळतो. मी परसात कोरडी पडून आहे आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. एवढेच सांगते, मित्रांनो, दुसऱ्याचे भांडे घासायला घेण्याआधी विचारत जा, आत कोणी राहते का.