हात वर जातो तो शॉट

घरात त्याला सगळे 'सिनेमावाला' म्हणत, आणि म्हणताना जरा हसत. हसण्यासारखंच होतं म्हणा. तिशी उलटली तरी साहेबांच्या नावावर तीन लघुपट, आणि तिन्ही पाहिलेले लोक म्हणजे त्यात काम केलेले लोक. चौथ्याची पटकथा मात्र खरोखर जमून आली होती. एक स्वयंपाकघर, एक नवरा, एक बायको, दहा मिनिटं. शेवटी नवऱ्याचा हात वर जातो आणि फिल्म तिथेच संपते. एका महोत्सवाने ती मागवलीही होती. आणि ऐन वेळी दोन्ही कलाकारांनी टांग दिली.

तेव्हा धावून आले दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा, हसतमुख माणूस, कुणाचंही अडलं की हातातलं काम टाकून येणारा.

"काय मेहुणे, एवढंच ना? आमचं स्वयंपाकघर घ्या, मला घ्या, तुमच्या ताईला घ्या. सगळं घरचंच!"

ताई नको नको म्हणत होती. पण तिचं नको म्हणणं कुणीच मनावर घेत नसे, लाडका धाकटा भाऊही नाही.

दाजी कॅमेऱ्यापुढे असे काही उभे राहिले की सिनेमावाला खूश. अडचण ताईची. ती ओट्याशी पाठमोरी भांडी घासतेय, मागे नवरा येऊन हात उगारतो आणि तिला पत्ता नसतो, असा तो शॉट. पण हात उठायच्या आधीच हिचे खांदे वर. टेकवर टेक झाले, खांदे काही ऐकेनात. नवख्यांचं हे नेहमीचं दुखणं. पुढे काय होणार ते ठाऊक असतं, मग अंग आधीच चोरलं जातं. त्याने दोनदा समजावलं, मग तो चिडला.

"अगं ताई, पटकथा तू वाचलीयेस, त्या बाईने नाही! तिला काय माहीत हात उठणार आहे ते?"

"करते रे नीट," ताई म्हणाली आणि तेच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

उजेड गेला. रविवारी पुन्हा घ्यायचं ठरलं. निघताना तो दाजींना म्हणाला, "तोवर घरी जरा तालीम करून घ्या. तिचं ते दचकणं मोडायला हवं."

"ते माझ्यावर सोडा," दाजी म्हणाले.

त्याच्या फिल्मचं संकलन त्याची एक जुनी मैत्रीण करायची. ती कमी बोलायची, आणि बोलली की याला झोंबायचं. शनिवारी सकाळी तिने त्याला बोलावून घेतलं आणि भलतंच काहीतरी लावलं. कॅमेरा सुरू झाल्यापासून 'ॲक्शन' म्हणेपर्यंतचे फालतू तुकडे, जे तो कधी बघतसुद्धा नसे. एका तुकड्यात दाजी फळीवरचा डबा काढायला हात वर करतात. ताईचे खांदे कानाला टेकतात. दुसऱ्यात ते नुसता कपाळावरचा घाम पुसतात. पुन्हा तेच खांदे.

"इथे तू ॲक्शन म्हणालाच नव्हतास," मैत्रीण म्हणाली. "मग ही कशाला दचकतेय?"

त्याने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला. पाठमोऱ्या बाईला मागचा हात दिसत नाही, नुसती चाहूल लागते. आणि एवढ्या चाहुलीवर अंग चोरायला किती वर्षांची सवय लागत असेल! तो तिला अभिनय येत नाही म्हणून ओरडला होता. वर दचकणं मोडायचं काम कुणाला देऊन आला होता? स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली त्याला.

त्याने ताईला फोन लावला. उचलला दाजींनी.

"तालीम चाललीय हो! तिला आत्ता नाही देता येणार फोन."

तो धावतच सुटला. दार दाजींनीच उघडलं, घामाघूम, पण हसरे. "बरं झालं आलात. बघाच आता." ताई ओट्याशी उभी होती. या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. नळ चालू, समोर भांडं एकही नाही. दाजी मागे गेले आणि त्यांनी सपकन हात उगारला.

ताईचे खांदे जागचे हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही.

"काय, मोडलं की नाही?" दाजी म्हणाले. हात अजून तसाच वर होता.

"जमलं ना रे आता?" ताईने मान न वळवता विचारलं. आवाज बसला होता.

तो म्हणाला, "ताई, चल. आहेस तशी चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता."

दाजी हसत राहिले. नळ वाहत राहिला. त्याने पुढे होऊन तिचा दंड धरला, ओढला, पुन्हा हाक मारली. ताई हलली नाही. एवढे दिवस तिच्याकडून तेच तर घोटून घेतलं होतं.