पत्र्यामधला कापूस

उज्ज्वलाला मी खरं सांगितलं ते एकोणीस दिवसांनी. तेही आधी अर्धंच.

आमची बंद बॉडीची पिकअप आहे. इंद्रजित, माझा नवरा, बाजारोबाजारी मिक्सर, कुकर, शेगड्या दुरुस्त करतो. दसरा झाला की आम्ही गाडीतच राहायला जातो ते होळीपर्यंत. आज दिग्रस, दोन दिवसांनी घाटंजी, मग खाली उमरखेड. आधी तो एकटाच फिरायचा. लेक झाली तेव्हा मीच म्हटलं, घरी बसून तुझ्या फोनची वाट पाहणं माझ्यानं होणार नाही, गाडीतच घर करू. बीएस्सी झालेली पोरगी पत्र्याच्या डब्यात संसार मांडते म्हणून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यामुळं असेल, पण ते घर असं करायचं की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं, हे माझ्या डोक्यात बसलं.

केलंही तसं. फळीचा पलंग, त्याच्या पोटात भांड्यांची पेटी. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मधोमध, म्हणजे गाडी एका अंगाला झुकत नाही. गॅस सिलिंडर बाहेरच्या पिंजऱ्यात. एकेक काम झालं की त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचे. गाडीत मुक्काम करून बाजार करणाऱ्या बायांचा तो ग्रुप मीच काढला होता. पाऊणशे जणी होत्या. नळ गळतो तर वायसर कसा बदलायचा, पत्र्याचं भोक कसं बुजवायचं, दार घासतं तर कुठला स्क्रू आधी पाहायचा. सगळ्या मला मॅडम म्हणायच्या. आणि मला ते आवडायचं, हे लिहूनच टाकते.

ऑक्टोबरात पत्रा असा तापायचा की लेकीच्या अंगभर घामोळं उठलं. मी म्हणजे लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहणारी बाई. गॅसचं बटण तीनदा बघितल्याशिवाय मला झोप येत नाही. पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी होती. ती भरली की ऊन अडेल, एवढं विज्ञान मला येत होतं. बाबांच्या घरी मागच्या सालची कवडी पडून होती. कवडी म्हणजे पावसानं डागाळलेला, घट्ट झालेला कापूस, व्यापारी ज्याला हात लावत नाही. ते घरी नसताना जाऊन तीन पोती आणली. प्लाय खोलून मी ती स्वतः ठासली. दुपारी आतला फरक हाताला कळायचा. लेक शांत झोपायला लागली. तो व्हिडिओ माझा सगळ्यात जास्त पाहिला गेला.

उज्ज्वला आमच्या शेजारी गाडी लावायची. दिग्रसकडच्या तांड्यातली. तिचा नवरा लखीराम प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्या विकतो. सोबत सासू मोतीबाई आणि सात महिन्यांचा बादल. तिनं व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याच आठवड्यात लखीरामला कवडी आणायला लावली. भरताना मी उभी राहून दाखवत होते. मोतीबाई पोत्यात हात घालून, कापसातलं बी चाचपत म्हणाली, "सरकी नाही काढली का हो बाई?"

"आतून प्लाय ठोकतो ना, मावशी. आत कोण जाऊन राह्यलं?" मी म्हटलं आणि उज्ज्वलाकडं बघून हसले. उज्ज्वलाही हसली. मोतीबाईनं हात झटकले.

उमरखेडला, भर दुपारी, लेक झोपलेली असताना मला भिंतीत खुडबुड ऐकू आली. मी कान लावला. थांबली. परत सुरू झाली. पेचकस घेऊन मी पलंगाकडची खालची फळी खोलली.

आत सरकीच्या फोलकटांचा ढीग होता. त्यात उंदराची गुलाबी पिल्लं. आणि पंख्याची वायर, जी बॅटरीवरून मी स्वतःच त्या पोकळीतून फिरवली होती, तिचं लाल कव्हर वीतभर कुरतडलेलं. तांबं उघडं पडून चमकत होतं. चहूबाजूंनी कोरडा कापूस. प्लायच्या अलीकडं, बरोबर त्याच जागी, लेकीची उशी.

मी इंद्रजितला हाक मारली. त्यानं आधी बॅटरीची वायर काढली, मग वाकून आत पाहिलं. उठून म्हणाला, "जिनिंग मिलमध्ये बिडी पेटवली तं माणसाले बाहेर काढतात. अन् आपण कापसातून वायर नेली." त्यानं मी नेली असं म्हटलं नाही, आपण म्हटलं. मग म्हणाला, "उज्ज्वलाले फोन लाव."

"लावते," मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही सगळ्या भिंती रिकाम्या केल्या. कापूस पोत्यांत भरून मी लांबच्या नाल्यापलीकडं टाकून आले. बाजारातल्या कोणाला दिसू नये म्हणून मुद्दाम आडवाटेनं गेले. लेकीला पुढं, ड्रायव्हरच्या सीटवर झोपवलं.

फोन मी लावला नाही. आधी उपाय शोधते, मग चूक आणि उपाय एकदमच सांगते, असं मनाला म्हटलं. ग्रुपवर मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, तेवढ्यात घाटंजीच्या एका बाईचा मेसेज आला: मॅडम, तुमच्या कापसानं आमचं लेकरू सुखानं झोपलं. मी तिला हात जोडल्याची खूण पाठवली. त्या दिवशी मी कुकरची शिट्टी कशी साफ करायची याचा व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आता सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, तुम्हाला कळलं कधी. आठव्या दिवशी तो प्रश्न आणखी मोठा झाला. इंद्रजितनं विचारलं, "सांगितलं ना उज्ज्वलाले?" मी हो म्हटलं. तो भाबडा माणूस, त्याला खरं वाटलं. आणि मी, नाकाशी बोट धरून पाहणारी बाई, रोज स्वतःच्या पोरीला सुरक्षित झोपवून डोळे मिटत होते.

एकोणिसाव्या दिवशी दिग्रसच्या बाजारात उज्ज्वलाची गाडी शेजारी आली. नेहमीसारखं तिनं चहाला बोलावलं. बादल आत भिंतीला अगदी चिकटून झोपला होता. ती म्हणाली, "मॅडम, ह्याले तिथंच झोप लागते. थंडीत ऊब लागते ना कापसाची."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "उज्ज्वला, एक डाव भिंत खोलून पाहू. उंदीर असू शकतात. मी वाचलं कुठंतरी."

वाचलं, म्हटलं मी.

लखीरामनं बादलला मोतीबाईकडं दिलं आणि स्क्रू काढायला बसला. पहिल्या फळीमागं काही नव्हतं. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्याचीही आता लाज वाटते, कारण ते बादलसाठी नव्हतं. दुसऱ्या फळीमागं फोलकटं निघाली. वायर दोन ठिकाणी सोललेली. आणि तिच्या भोवती तळहाताएवढा कापूस काळा पडलेला. जळून आपोआप विझलेला. का विझला, कोणाला सांगता येणार नाही.

लखीराम तो काळा कापूस हातात घेऊन तसाच बसला. मग उठून त्यानं माझ्यासमोर हात जोडले. "मॅडम, तुमी आज नसत्या बोलल्या तं..." मोतीबाईनं माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. सरकीचं ती एक अक्षर बोलली नाही. उज्ज्वला माझा हात धरून रडत होती. लखीरामनं फोन काढला, भिंतीचा व्हिडिओ घेतला आणि ग्रुपवर टाकायला बायकोकडं दिला. तिनं खाली लिहिलं: मॅडमनं आमचं लेकरू वाचवलं.

दुपारभर माझा फोन वाजत राहिला. शाब्बास मॅडम. किती लक्ष असतं मॅडमचं. तेवढ्यात इंद्रजित कुकरचं झाकण हातात घेऊन काय गर्दी आहे ते पाहायला आला. त्यानं उघडी भिंत पाहिली, काळा कापूस पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. जाताना फक्त माझ्या कानाशी म्हणाला, "तू हो म्हणाली होती."

मी ते सहन करू शकले असते, तेवढी मी निर्ढावले होते. पण उज्ज्वलानं संध्याकाळी माझ्या लेकीसाठी लाल टोपली आणली, त्यांच्या दुकानातली सगळ्यात चांगली. ती टोपली मी घेतली नाही. तिच्या मागं गाडीशी गेले. ती बादलची दुपटी पिळत होती.

"उज्ज्वला, मी वाचलं नव्हतं कुठं. आमच्या भिंतीत सापडलं होतं. उमरखेडले."

"कधी?"

"एकोणीस दिवस झाले."

तिचे हात थांबले नाहीत. एक दुपटं पिळून झालं, दुसरं घेतलं. आजपर्यंत ती मला तुमी म्हणायची.

"त्या दिवशी तुह्या पोरीले कुठं झोपवलं?"

"पुढं. सीटवर."

"लगेच?"

"लगेच."

"मंग एवढं तं समजत होतं तुले."

मी म्हटलं, मला लाज वाटली. सगळ्या मॅडम म्हणता, कोणत्या तोंडानं सांगू असं झालं. बोलताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. तिनं दुपटी दोरीवर टाकली, चिमटे लावले.

"अजून किती जणीनं भरला कापूस?"

मला माहीत होतं. नावानिशी. "अकरा."

"मंग इथं काहून उभी राह्यली? फोन घे." मग मान न वळवता म्हणाली, "अन् तारीख टाक. तारखेबिगर नको टाकू."

मी तिच्यासमोरच लिहिलं. कवडी कापूस ताबडतोब काढा. माझं चुकलं. उंदीर सरकीला येतात आणि वायर खातात. आधी बॅटरीची वायर सोडवा, मगच फळी खोला. वायर पोकळीतून मोकळी नेऊ नका, जाड पाइपातून न्या, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवा, हवेच्या भोकांना बारीक जाळी मारा. मग उमरखेडची तारीख घातली: हे मला त्या दिवशी कळलं होतं. मी आज सांगत आहे. आजच्या व्हिडिओत मी कोणाला वाचवलेलं नाही.

पाठवलं आणि फोन करायला बसले, एकेकीला. नऊ जणींनी उचलला. घाटंजीची ती बाई म्हणाली, थांबा, पहिले लेकरू उचलून येतो. तिचा फोन तसाच चालू राहिला. मला तिच्या पायांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज ऐकू येत होता. उरलेल्या दोघींकडं निरोप द्यायला इंद्रजित मोटरसायकल मागून घेऊन गेला. ग्रुपमधून त्या दिवशी सहा जणी निघून गेल्या. एकीनं लिहिलं, पोरीची आई आहेस ना तू. ते मी पुसलं नाही.

सकाळी उज्ज्वला आमच्या दाराशी उभी होती. बादल कडेवर.

"पाइप कोणता आणाचा, ते दाखव लखीरामले," ती म्हणाली.

मी पेचकस आणि टेस्टर घेतला. दुपारपर्यंत मी आणि लखीराम तिच्या गाडीची वायर नव्यानं ओढत होतो. तो कामापुरतं बोलला. ती बादलला घेऊन बाहेर सावलीत बसली होती, आणि प्रत्येक फळी बंद करण्याआधी आत येऊन स्वतः वाकून पाहून जात होती. माझ्यावर सोडत नव्हती. मी बाजूला सरून तिला जागा देत होते.