पाचव्या खेपेची अंडी

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टाकीतल्या माशांच्या जोडीने अंडी घालायला सुरुवात केली आणि साडेतीनच्या सुमारास काम संपलं. ही वेळ म्हातारीने सांगितली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिची खुर्ची टाकीसमोर असते. घरात पाय लांब करायला तेवढीच जागा उरली आहे.

तिचा मुलगा दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. एकोणीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर. डिस्कस मासे त्याने दीड वर्षापूर्वी आणले. ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा. दुकानदाराने ते जोडी म्हणून विकले. “माझ्याकडे असतानाच अंडी दिलीत यांनी,” तो म्हणाला होता. “आता काय लग्नाचा दाखला जोडू?”

या माशांना पाणी एकोणतीस-तीस अंशांवर लागतं. नळाचं चालत नाही, त्यातले क्षार काढावे लागतात. त्यासाठी स्वयंपाकघरात दोन पिंपं भरलेली असतात आणि फ्रीजचं दार अर्धंच उघडतं. रोज संध्याकाळी टाकीतलं एक तृतीयांश पाणी नळीने काढायचं आणि पिंपातलं, आधी कोमट करून, भरायचं. एक दिवस चुकला तर मासे काळे पडतात आणि कोपऱ्यात तोंड घालून बसतात. “तुझा बाप असाच रुसायचा,” म्हातारी म्हणते.

याआधी चार वेळा अंडी झाली होती. टाकीत उलटी ठेवलेली मातीची कुंडी हीच त्यांची जागा. चारही वेळा दोन दिवसांच्या आत सगळी अंडी पांढरी पडून वाया गेली. पहिल्या वेळेनंतर त्याने पाण्यातले क्षार आणखी कमी केले. दुसऱ्यानंतर तापमान अर्ध्या अंशाने उतरवलं. तिसऱ्यानंतर आम्लता बदलली. चौथ्यानंतर टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, सावल्यांनी मासे बिथरतात म्हणून. त्याची बायको वजनमापे निरीक्षक आहे. तिने टाकीतला थर्मामीटर ऑफिसात नेऊन तपासला आणि चिठ्ठी आणली: चार दशांश अंश जास्त दाखवतो. चिठ्ठी काचेवर डकवलेली आहे.

तिला बढतीने वरची जागा मिळाली होती, साडेतीनशे किलोमीटरवरच्या कार्यालयात. तिने हजर व्हायला एकदा महिनाभराची मुदत मागून घेतली, कारण चौथी खेप तेव्हा टाकीत होती. आता दुसऱ्या मुदतीचा अर्ज गुरुवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. साहेब म्हणाले होते, अर्ज घेतो, पण यादीत तुमच्याखाली आणखी एक नाव आहे, तो उद्या बोलावलं तर उद्या जाईल.

“अंडी फुटली तर पिल्लं पहिले पंधरा दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात,” मासे पुन्हा कुंडी साफ करू लागले तेव्हा, रविवारी, त्याने तिला सांगितलं होतं. “तेव्हा टाकी हलवली तर सगळं संपलं.”

“आणि फुटली नाहीत तर?”

“तर लगेच निघू.”

“मासे बाजूला ठेव. तुला यायचंय का?”

“यायचंय की.”

“तिथेही लोकांचे दात पडतात.”

“पडतात. पण माझ्याकडे काम पाठवणारं तिथे कोणी नाही.”

दोघांचं ठरलं ते एवढंच: पाचव्या खेपेत आशा दिसली तर अर्ज द्यायचा, नाहीतर नाही.

बुधवारी तो सहा वाजता घरी आला. म्हातारीने पाय खाली घेतले आणि त्याला वाट करून दिली.

“घातली बाई अंडी दोघींनी.”

“दोघांनी.”

“दोघींनी. आधी मोठी पोट घासत वर गेली, तिच्यामागे ओळ उमटली. मग धाकटी गेली, तिच्याहीमागे ओळ उमटली.”

“आई, तो नर आहे. अंड्यांवरून तो तसाच फिरतो.”

“अंड्यांवरून फिरेल रे. ही कोऱ्या जागेवरून गेली. ती गेल्यावर अंडी झाली तिथे.”

“चष्मा लावला होतास?”

“लावला होता. तू लावत जा. पाणी बघून बघून मासे बघायचे राहिलेत तुझे.”

तो हसला आणि हात धुऊन आला. मग बॅगेतून कामाचं भिंग काढलं, कपाळाला बांधलं आणि टाकीपुढे गुडघ्यांवर बसला. अंडी घालून झाल्यावर दिवसभर तरी माशाच्या पोटाखाली एक बारकी नळी बाहेर दिसते. नराची बारीक आणि टोकदार असते, मादीची जाड आणि बोथट. दोन्ही माशांची जाड होती. नर नसला की कधी कधी दोन माद्याच जोडी करतात, जागा राखतात, अंडी घालतात, हे त्याने वाचलेलं होतं. चारही वेळा त्याने याच भिंगातून अंडी तपासली होती. मासे एकदाही नाही. अंडी दर वेळी तीनशेच्या वर निघत, आणि जोडी जोमाची आहे असा त्याने अर्थ काढला होता.

“काय निघालं?” म्हातारीने विचारलं.

“बघतो,” तो म्हणाला.

बायको साडेसातला आली. जेवणं झाल्यावर तिने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि अर्ज टाइप करायला घेतला. तो पाणी बदलत होता.

“या वेळी कशी वाटतायत?” तिने मान वर न करता विचारलं.

“अजून स्वच्छ आहेत.”

ते खरं होतं. म्हातारीने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खुर्चीत वळून बसली.

गुरुवारी सकाळी साडेआठला बायकोने छापून आणलेल्या अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवली. चप्पल पायात घालून ती दारात थांबली.

“आशा आहे ना? नाहीतर मी हा देत नाही.”

“नको देऊस. दोन्ही माद्या आहेत.”

तिला अर्थ लागायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे आधीची चार वेळची पण?”

“ती पण. पाण्याचा काही दोष नव्हता.”

“कधी कळलं तुला?”

“काल. सहा-सव्वासहाला.”

“काल मी इथे बसून अर्ज टाइप करत होते.”

“हो.”

“स्वच्छ आहेत म्हणालास.”

“म्हणालो.”

“मी आत्ता विचारलं नसतं तर?”

तिने अर्ज काढून टेबलावर ठेवला. “मी सोमवारी हजर होते,” ती म्हणाली. “तुझं तू ठरव. आईंना यायचंय का ते मी विचारेन, तू त्यांच्या वतीने बोलू नकोस.” जिन्यात तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

“कालच सांगायला हवं होतंस,” म्हातारी म्हणाली.

“मग तू का नाही बोललीस?”

“तिचा नवरा तू आहेस, मी नाही.”

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा पाणी बदलून झालं होतं. कुंडीवरची निम्मी अंडी पांढरी पडली होती आणि दोन्ही मासे त्यांच्यावर पंख हलवत होते. गोठवलेल्या किड्यांची वडी रोज या वेळी वाटीत वितळत असते. वाटी कोरडी होती.

“यांना खायला नाही घातलंस?”

“नाही. प्रवासाआधी दोन-तीन दिवस उपाशी ठेवावं लागतं. नाहीतर पिशवीतलं पाणी खराब करतात.”

तिने पर्स खुंटीला लावली. “प्रवास कधी आहे?”

“रविवारी. तुझ्याबरोबर.”

“कामावर सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“एवढंच विचारलं, की टेबल कुणाला द्यायचं, कोण सुचतंय का.”

“मग?”

“दोन नावं दिली.”

तिचा राग गेलेला नव्हता, तो तिने लपवलाही नाही.

“आई, तुमचं काय?” तिने विचारलं.

“तिथे माझ्या खुर्चीला खिडकी कुठल्या बाजूला येईल?” म्हातारी म्हणाली.