पाठीवर थांबलेली बोटं

"काका, बनियनही काढा. लाजताय काय, इथं कोण बघतंय?" मसाजवाला म्हणाला.

मी भिंतीकडे तोंड करून बनियन काढलं. वेळ सुनेनं ठरवली होती आणि ती बाहेरच्या बाकावर बसली होती, नाहीतर मी दारातूनच परतलो असतो. दोन महिने उजवा खांदा ठणकत होता. सुई धरली की बोटं बधिर व्हायची. चाळीस वर्षं मी वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवली; निवृत्तीनंतर घरी शिवतो. सुई सुटली तर माझ्याकडे उरतं काय, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारण्याजोगं आहे की नाही, तेच कळत नव्हतं.

"वजनबिजन उचललंत का?"

"शब्दकोश."

तो हसला. "मग बरोबर आहे. सहा वेळा या. सहाव्या वेळी एका हातानं उचलाल."

पालथं पडल्यावर टेबलाच्या भोकातून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. एका चपलेचा पट्टा त्यानं घरीच शिवला असावा. टाके वाकडे, पण घट्ट. पाय टेबलाभोवती फिरत होते आणि वर तोंडाची टकळी चालू होती.

"आमचा दादा असा घोरतो काका, की वहिनी लग्नानंतर महिनाभर माहेरी..."

तेल कोमट होतं. आपण उगाच घाबरतो, हे सुनेचं म्हणणं मला पटू लागलं.

मग पाय थांबले.

त्याची बोटं खांद्याच्या पात्याखाली एका जागी थांबली. गोल फिरली. पुढे गेली आणि परत तिथंच आली. दादाचं घोरणं अर्धवटच राहिलं.

"इथं दुखतं?"

"नाही."

"दाबलं तरी?"

"नाही."

"कधीपासून आहे हे?"

"काय?"

त्यानं हात उचलला. न दुखण्याची इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"आज एवढंच, काका."

"पण हाताला तर तुम्ही हातच लावला नाहीत."

"आज नको. आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, उद्याच. तसं घाबरण्यासारखं काही नाही. मग बघू."

हे बोलणं माझ्या ओळखीचं होतं. कुणी वडिलांची जुनी वही शिवायला आणायचं. मी तिची पाठ चाचपायचो. कागद आतून कुजलाय, हे डोळ्यांआधी बोटांना कळायचं. समोरच्याच्या तोंडावर सांगवत नसे. 'आज नको, मग बघू,' म्हणायचो, आणि वही दोन्ही हातांनी परत द्यायचो.

मी उठून बसलो. त्यानं खुंटीवरचा माझा शर्ट काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता.

बाहेर सून उठून उभी राहिली. "काय बाबा, मोकळं वाटलं ना? किती लवकर सोडलं."

"बोलतो फार."

"आता परत कधी बोलावलंय?"

"आधी डॉक्टरांकडे जा म्हणाला. उद्या."

तिचा चेहरा बदलला. ती काही विचारणार, एवढ्यात मी अंगातल्या उघड्या शर्टाच्या कडा पुढे केल्या.

"बटणं तेवढी लाव गं. बोटं तेलकट झालीत माझी."

तिनं माझ्या कोरड्या बोटांकडे पाहिलं. मग वरच्या बटणापासून एकेक करून सगळी लावली.