चांगल्या रक्ताचा भाऊ

ओतकामाच्या भट्टीसमोर दोघे भाऊ एकाच पाळीत कोसळले. उष्म्याने दोघांच्याही किडन्या बंद पडल्या आणि उपचारांनी पुन्हा चालू झाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "आज दोघांच्या किडन्या सारख्याच चालतात. पण रक्तातल्या काही खुणा पुढचं सुचवतात. धाकट्याच्या बऱ्या आहेत. थोरल्याला मात्र पुढे किडनीचा नि हृदयाचा धोका जास्त दिसतो. त्याला जपा."

झालं! थोरल्याला कारखान्याच्या फाटकावर पंख्याखाली खुर्ची मिळाली. धाकट्याला मुकादमाने परत भट्टीवर धाडलं. घरी आई थोरल्यापुरतं वेगळं अळणी शिजवायची, त्याच्या पायाला सूज आहे का ते बोटाने दाबून बघायची. धाकट्याने कंबर दुखते म्हटलं, तर म्हणाली, "तुला काय धाड भरलीय? तुझं रक्त चांगलं आलंय!"

धाकटा मत्सराने जळून कोळसा झाला. थोरल्याच्या पुढच्या तपासणीला तो मुद्दाम सोबत गेला आणि बाही वर सारून बसला. "बाई, माझंही पुन्हा तपासा. काहीतरी चुकलं असणार."

"चांगला रिपोर्ट बदलून मागणारा तू पहिलाच," बाई हसल्या.

थोरला हसला नाही. "अरे, माझाच घे ना. खुर्ची घे, आई घे. पण पोरं मोठी होईपर्यंत आपण असू का, ही धास्तीही घे."

धाकट्याने गुपचूप बाही खाली ओढली.

बाहेर आई थांबली होती. तिने थोरल्याचा दंड धरला. धाकटा पुन्हा मत्सराने जळला. स्वतःची लाज वाटली, तरी जळलाच.