पत्र्याखालचे बेचाळीस

मी तापमापक बोलतोय. ताप आला की काखेत धरतात तो नव्हे, भिंतीला टांगतात तो. एक लाकडी पाटी, मधोमध काचेची नळी आणि नळीत लाल रेघ. हवा तापली की रेघ चढते, निवली की उतरते. याखेरीज मला काहीही येत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये शाळेच्या सामानाच्या एका दुकानात मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. एके दिवशी शिक्षिका असलेल्या संध्या मॅडम आल्या. त्यांनी भाव कमी करायला सांगितलं, तर सिंधी दुकानदार म्हणाला, "मॅडम, घासाघीस मत करो, काच का माल है." मॅडमनी पर्समधून स्वतःचे पैसे काढले आणि शेअर रिक्षाने मला अंबरनाथला आणलं.

शाळा नगर परिषदेची, पूर्वेला, पालेगावच्या अंगाला. वरचा मजला मागाहून चढवलेला. भिंती विटांच्या आणि डोक्यावर पत्रे. तिथे सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी मला टांगलं. सकाळी त्याच खोल्यांत दुसरी शाळा भरायची, म्हणून ही मुलं उन्हाळ्यातही दुपारी साडेबारा ते साडेपाच बसायची. पंखा होता, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करायचा. मागच्या टॉवरच्या खिडक्यांतून एसींची पाठ आमच्याकडे असायची, त्यांचा गरम झोतही आमच्याच अंगावर.

सुरुवातीला माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मार्चमध्ये पायल नावाची मुलगी गणिताच्या तासाला बाकावरून खाली घसरली. मॅडमनी तिला साखर-मिठाचं पाणी पाजलं. मुख्याध्यापक दिनानाथ सर धावत वर आले.

"उपाशी असणार. ही पोरं खाऊन येतच नाहीत," सर म्हणाले.

"खाऊन आलीये, सर," तिची मैत्रीण तेजल म्हणाली. "माझ्याच घरी जेवली. दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी."

"मग जागरण केलं असेल."

तेजलने वर पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एक्केचाळीसवर होतो. तिने मॅडमना विचारून मला खिळ्यावरून काढलं आणि खाली मैदानात बदामाच्या झाडाखाली नेऊन धरलं. थोड्या वेळाने मी छत्तीसवर आलो.

"म्हणजे मॅडम, आम्ही शाळेबाहेर बसलेलं बरं?"



तेजलचे वडील हरिचंद्र एमआयडीसीत शिफ्टला जायचे, आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. पोरगी हट्टी. तिने दोनशे पानी वही घेतली आणि रोज तीन वेळा माझा आकडा लिहायला लागली. तारीख, वेळ, आकडा. शेवटच्या रकान्यात कोणाचं डोकं दुखलं, कोणाला उलटी झाली. माणसं माझ्याकडे बघून "बाप रे" म्हणतात आणि निघून जातात. लिहून ठेवणारी ही पहिलीच.

एप्रिलमध्ये तिच्या वर्गातला बुद्धभूषण म्हणाला, "आमच्या घरावर पप्पा दरवर्षी पांढरा चुना मारतात. पत्रा थंड राहतो. भारी काम आहे, यार." त्याचे पप्पा रंगकाम करायचे. एका रविवारी ते स्वतः वर चढले. मुलांनी खाली चुना कालवला, त्यात डिंक घातला आणि बादल्या दोरीने वर दिल्या. चुना एकाच खोलीपुरता होता, तो सातवीच्या डोक्यावर लागला. सोमवारी दुपारी तेजलने मला शेजारच्या आणि आमच्या, दोन्ही वर्गांत अर्धा अर्धा तास टांगलं. आठवीच्या वर्गात बेचाळीस, आमच्यात सदतीस.

वर्गात एकच गलका झाला. पायल त्या आठवड्यात एकदाही बाकावर आडवी पडली नाही.

चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, हे मुलांना ठाऊक होतं. म्हणून जूनमध्ये एका कंपनीच्या निधीकडे अर्ज गेला. शाळकरी मुलांच्या हवामान प्रकल्पांना मदत, अशी ती योजना होती. अर्ज मुलांनीच लिहिला. सगळ्या वरच्या मजल्याला चुना, डिंक, कुंचले आणि खिडक्यांना हिरवी जाळी. एकूण नऊ हजार रुपये.

निधीचं काम बघणारे भूपेश साहेब शाळेत आले. वही पाहून मनापासून "वा!" म्हणाले. मग सरांकडे वळले. "सर, आयडिया एकदम मस्त आहे. पण नऊ हजाराचा प्रकल्प आमच्या फॉर्ममध्येच बसत नाही. तीन लाखांच्या खाली काही नाही. आणि छपरावरचा चुना फोटोत दिसणार कसा?"

सरांनी फॉर्ममध्ये बसेल असा नवा अर्ज दिला आणि डिसेंबरात तीन लाख मंजूर झाले. फेब्रुवारीत फाटकाजवळ फायबरची भलीमोठी पृथ्वी उभी राहिली, दोन हिरव्या हातांनी तोललेली, आत दिवा लावलेली. मागच्या भिंतीवर झाडं आणि हसरी मुलं रंगवली. संगमरवरी पाटीवर अकरा नावं कोरली, त्यांत विद्यार्थ्याचं एकही नाही. उद्घाटनाला मलाही फुलांची माळ घालून टेबलावर मांडलं होतं. भाषणं चालू असताना मुलं उन्हात बसली होती. मी एकोणचाळीस दाखवत होतो.

कार्यक्रम संपल्यावर तेजल भूपेश साहेबांना आडवी गेली. "काका, पत्र्यांचं काय?"

"दुसऱ्या हप्त्यात नक्की, बेटा. फक्त पहिल्याचा अहवाल चांगला जायला पाहिजे."

अहवालाची वेळ मार्चमध्ये आली. तेजल आता आठवीत, त्याच वरच्या मजल्यावर. मलाही तिने आठवीच्या वर्गात टांगून घेतलं होतं. फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'प्रकल्पामुळे वर्गाचे तापमान किती अंशांनी घटले?' दिनानाथ सरांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि मला घेऊन यायला सांगितलं.

"वहीत या आठवड्याचे आकडे छत्तीस-सदतीस लिही," सर म्हणाले.

"बेचाळीस आहे, सर."

"मला कळतं गं. मी काय खोटारडा आहे का? पण बेचाळीस लिहिलं तर दुसरा हप्ता गेला. मग पत्रे तापतच राहणार. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"चुना मारा, मग लिहिते."

सर वाईट माणूस नव्हते. दीड वर्षात निवृत्त होणार होते आणि वरून रोज फोन येत होते. त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या कुंदामावशींकडून माठातलं पाणी मागवलं आणि मला त्यात बुडवलं. माझी रेघ सर्रकन खाली गेली. मग बाहेर काढून, पुसून, वर नेऊन खिळ्यावर टांगलं आणि मोबाइल घेऊन समोर थांबले. तीस, बत्तीस, चौतीस. मी चढत होतो. पस्तीसवर त्यांनी फोटो काढला.

सगळा वर्ग बघत होता. संध्या मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंडावरचा घाम टिपला आणि खाली पाहिलं.

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. थोड्याच वेळात मी बेचाळीसवर पोचलोही. पण तोवर फोटो गेला होता.

तेजलची वही अहवालाला जोडायची म्हणून मागून घेतली. ती परत आली नाही. शाळेला उत्कृष्ट प्रकल्पाचं मानचिन्ह मिळालं. तापमान सात अंशांनी घटलं, अशी बातमीही छापून आली. आणि दुसरा हप्ता? गरज उरली नाही, असं उत्तर आलं. वर्ग आता थंड आहेत ना!

आमची शाळा आठवीपर्यंतच. एप्रिलअखेर परीक्षा झाल्या आणि ती मुलं पांगली. तेजल आणि बुद्धभूषण स्टेशनजवळच्या हायस्कूलला गेले. पायलला तिच्या आईने धागे कापायला घरी बसवलं.

वर्ष झालं. मी अजून त्याच खिळ्यावर आहे. नवी मुलं माझ्यावर खडू मारून नेम धरतात. पाटीचा एक कोपरा फुटलाय, नळी मात्र शाबूत आहे. परवा दुपारी तेजल दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला आली होती. काम झाल्यावर वर आली. उंच झाली आहे. माझ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ. बेचाळीस.

"काय पाहिजे गं?" नव्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. असंच."

तिच्या हातात पेन होतं, फाइलीत कोरे कागद होते. तिने लिहिलं नाही. पाठ फिरवली आणि जिना उतरून गेली.

त्या पोरीला आकडा लिहावासा वाटेनासा झाला, हे कोणाच्या अहवालात येणार आहे? मी तर फक्त उष्णता मोजतो. तुमच्यापैकी कोणी शाळांना मदत द्यायला निघाला असाल, तर फाटकावर थांबू नका. जिना चढून भर दुपारी दोनला या, पोरांच्या बाकावर अर्धा तास बसा. मग माझ्याकडे बघितलं नाहीत तरी चालेल.